बिनलाईटीचा लेथ

नळावर बायका जमल्या की ज्याच्या त्याच्या घरातलं बाहेर पडतं. कुणाकडं सासूचं असतं, कुणाकडं नणंदेचं. माझी सासू गरीब आणि नणंद मला नाही. मग माझी पाळी आली की मी साहेबांचं सांगते. बँकेचे साहेब, पुण्याचे साहेब, लाईटीचे साहेब. बायका म्हणतात, "तुझ्याकडं बाई संपतच न्हाई." कसं संपेल? एक साहेब सांगून होतो न होतो तोच दुसरा त्याच्या मागं उभा असतो, एस्टीच्या रांगेत उभा राहिल्यासारखा. बायका हसतात. हसू द्या. मी काही हसवायला सांगत नाही, राग पोटात ठेवला की माझं दूध आटतं, म्हणून सांगते.

आधी एवढं सांगून ठेवते. आम्ही केडगाव स्टेशनाजवळ राहतो. आमचे मालक दौंडला रेल्वेच्या शेडात टर्नर होते, म्हणजे लेथवर लोखंड कातायचं काम. आमच्या भागात ऊस आणि गुऱ्हाळं भरपूर. ऊस पिळायच्या चरकाचे रोलर झिजले की ते कातून आणायला पुण्याला न्यावे लागायचे, ऐन हंगामात गुऱ्हाळ आठ-आठ दिवस बंद. मालक म्हणाले, केडगावातच लेथ टाकू. जोडीला बबनभाऊजी, लोहाराचे, मालकांचे शाळेपासूनचे दोस्त. दोघांच्या हातात कला होती, स्टेशनाच्या रस्त्याला पत्र्याची शेड होती, गिऱ्हाईक दारात होतं. फक्त लेथ नव्हता.

आणि लेथ काही वाण्याच्या दुकानात उधार मिळत नाही.

*

पहिले साहेब बँकेचे. मला तेव्हा सातवा सरत आलेला. दवाखान्यात दाखवून येताना मालक म्हणाले, "बँकेत जाऊन येऊ, तू बस बाकावर." बाक साहेबांच्या टेबलासमोरच होता.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी नीट समजावून सांगितलं. लोक आमच्याकडं पैसे ठेवतात आणि कधीही येऊन मागतात. ते मी तुमच्या मशीनमध्ये सात-आठ वर्षं अडकवून ठेवले तर लोकांना काय देऊ? आम्ही बियाण्याला देतो, खताला देतो, अडत्याला देतो. सहा महिन्यांत परत आलं पाहिजे.

मालक म्हणाले, मशीन येणार, बसणार, गिऱ्हाईक लागणार, सहा महिन्यांत ते कसं फेडंल?

"तेच मी तुम्हाला विचारतोय," साहेब म्हणाले. "सहा महिन्यांत हातात काय येतं ते बोला."

मालकांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग साहेबांकडं.

"साहेब, सहा महिन्यांत तर हे पण हातात येत न्हाई."

शिपाई शिक्का मारत होता, तो तसाच हसायला लागला. साहेब लाल झाले. मी पदर पुढं ओढून जमिनीकडं बघत बसले, आणि घरापर्यंत मालकांशी बोलले नाही. पण साहेबांनी त्याच वेळी चिठ्ठीवर पुण्याचा पत्ता लिहून दिला. लांब मुदतीचं कर्ज देणारं सरकारी महामंडळ आहे, म्हणाले. मशीनला पैसे द्यायला ते वेगळं काढलंय.

आता कळतं, मालक बरोबर बोलले होते. पण बाईच्या पोटावरून बोलायची काय गरज होती?

*

महामंडळात गेल्यावर पहिला चहा मिळाला. साहेब म्हणाले, देशाला तुमच्यासारखेच लोक पाहिजेत. हात आहेत, बुद्धी आहे, मागास भाग आहे. मालकांची छाती फुगली. मग साहेबांनी विचारलं, तारण काय?

तारण म्हणजे आमची जमीन. आम्ही बौद्ध. सासऱ्यांच्या बापाची वतनाची जमीन, वतनं गेली तेव्हा सरकारनं ती पुन्हा आमच्या नावावर करून दिली होती. सातबारा काढून आणला. साहेबांनी चष्मा वर केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. नवीन शर्त.

म्हणजे काय, तर जमीन तुमची. कसायची तुम्ही, सारा भरायचा तुम्ही. पण विकायची नाही आणि गहाण ठेवायची नाही. ठेवायची तर कलेक्टर कचेरीतून परवानगी आणा. परवानगीचा अर्ज केला. तो अजून कचेरीतच आहे, सुखी असावा.

शेजारच्याच्या नावावर तेवढीच जमीन, त्याला कुणी असं विचारत नाही. त्याची जमीन महामंडळाला चालते. आमची जमीन नुसती बघायला.

एक साहेब मोजणीच्या कामानं आमच्याकडं आले होते, त्यांना आत्याबाईंनी म्हणजे माझ्या सासूनं विचारलंच. ते समजुतीनं म्हणाले, "आजी, कुणी तुम्हाला फसवून जमीन घेऊ नये, म्हणून सरकारनं तुम्हाला वाचवलंय."

आत्याबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "व्हय बाबा. असं वाचवत वाचवतच एक दिवस आमाला पोचवा."

*

तारण नाही तर जामीन आणा, महामंडळानं सांगितलं. जमीनवाला किंवा कायम पगारवाला.

मालकांना राहू गावचे आप्पा आठवले. आप्पांचं मोठं गुऱ्हाळ, सोसायटीत वजन, जीपगाडी. मालक वर्षानुवर्षं रविवारची सुट्टी घालवून त्यांच्या चरकाचं काम करून द्यायचे आणि कधी मजुरी मागायचे नाहीत. आप्पा काकवी द्यायचे, ढेप द्यायचे. आम्ही दोघं बाळंतपणाच्या आधी शेवटचं म्हणून राहूला गेलो.

आप्पांनी ओसरीवर बसवलं. चहा दिला, त्यांच्याच कपात दिला, हे मी मुद्दाम सांगते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, सही करतो की. त्यात काय एवढं.

माझ्या डोळ्यात पाणी आलं. थोडं थांबायला पाहिजे होतं.

आप्पा म्हणाले, फक्त शेड केडगावात कशाला? राहूत टाकू, माझ्या वाटेवरच्या जागेत. आन् कागद माझ्या थोरल्याच्या नावानं करू, त्याला तारण लागणार न्हाई. तू चालव. तुला महिन्याला रेल्वेपेक्षा जास्त देतो. "डोकं तुझं, जमीन माझी. काय म्हंतो?"

मालक कप खाली ठेवून म्हणाले, "आप्पा, मी जामीन बघायला आलो होतो. मालक मला हायती."

"कोण?"

"मीच की, आप्पा."

आप्पा हसले, आम्हीही हसलो, नमस्कार केला आणि निघालो. वाटेत मी बोलायला सुरुवात केली ती घर येईपर्यंत थांबले नाही. वर्षानुवर्षांचे रविवार फुकट गेले होते, आणि तो माणूस अजूनही आपण उपकार करतोय असं समजून हात हलवत होता.

शेवटी जामीन राहिले आमच्याच वस्तीतले गायकवाड गुरुजी. एकदाही पुढचा-मागचा विचार केला नाही, चष्मा लावून सही केली. म्हणाले, आपल्यातला एक तरी मशीनचा मालक होऊ दे. त्या दिवसापासून त्यांची बायको नळावर माझ्याशी बोलायची बंद झाली. मी तिला नाव ठेवत नाही. तिच्या जागी असते तर मी घागर डोक्यात घातली असती.

*

लेक झाली. सुजाता नाव ठेवलं. आणि पुण्याहून सांगावा आला की अर्जदार पूर्णवेळ उद्योजक पाहिजे. नोकरी सोडल्याचा दाखला जोडा.

मी सव्वा महिन्याची बाळंतीण, पोरीला घेऊन मालकांबरोबर पुण्याला गेले, कारण मला माझ्या कानानं ऐकायचं होतं. रेल्वेची नोकरी! आमच्या वस्तीत अशा नोकरीवर पोरी देतात. साहेब म्हणाले, नोकरी धरून ठेवून धंदा होत नाही. तुमचाच तुमच्यावर विश्वास नाही, तर आमचा कसा बसेल?

मी दाराजवळ उभी होते. म्हटलं, "साहेब, राजीनामा दिला आन् कर्ज न्हाई आलं तर?"

साहेब फार गोड हसले. "ताई, शासनावर विश्वास ठेवा."

ठेवला. राजीनामा दिला तेव्हा सुजाताला मान धरता येत नव्हती. मंजुरीचं पत्र येईपर्यंत ती मान धरायला शिकली, बसायला शिकली, रांगून उंबऱ्याबाहेर जायला शिकली, तिला वरचे-खालचे दात आले, आणि त्यातला एक तिनं माझ्या बोटाला लावून दाखवला. तोवर मालक दौंडला दुसऱ्यांच्या वर्कशॉपात रोजानं जायचे. मी लोकांच्या उसात खुरपायला जायचे. पोर बांधावर झोळीत. माझं अर्धं लक्ष खुरप्यावर, अर्धं झोळीवर. मुंग्या लागतात का, साप येतो का, रडायची थांबली तर का थांबली. एकदा झोळीच हलेना म्हणून मी सरी तुडवत पळत गेले, तर ती आत जागी, पाय तोंडात घालून पडलेली. सगळ्या बायका हसल्या. मी मात्र तिला काढून उराशी धरली आणि बांधावरच बसले.

एक सांगते. कर्ज मंजूर व्हायला किती साहेब लागले ते मला मोजता येत नाही. पगार थांबायला एकसुद्धा लागला नाही.

*

तारण कमी म्हणून कर्जही कमी झालं, अर्जातलं ड्रिल मशीन उडालं, एकटा लेथ राहिला. ठीक आहे म्हटलं.

महामंडळ म्हणालं, आधी लाईटीचं कनेक्शन दाखवा, मग आम्ही लेथच्या कंपनीला पैसे देऊ. लाईट ऑफिस म्हणालं, आधी मशीन बसवलेलं दाखवा, मग कनेक्शन. मालक दोन्हीकडं जाऊन आले. दोन्ही साहेबांनी "नियम आहे" म्हणून सांगितलं आणि दोघांचंही बरोबर होतं.

शेडात लेथसाठी काँक्रीटचा ओटा बांधून तयार होता. मालक पुण्याला गेलेले. लाईटीचे साहेब पाहणीला येणार असा निरोप आला. नवीन साहेब, मुंबईत वाढलेले, नोकरीच आमच्या भागात सुरू झालेली. बबनभाऊजींना सुचलं. त्यांच्या सासऱ्याकडं जुना बैलावरचा चरक पडून होता, तो बैलगाडीत घालून आणला, रॉकेलनं पुसला, तेल दिलं आणि लेथच्या ओट्यावर बसवला. लोखंडी, काळा, दात्यांच्या चाकांचा. नुसतं बघितलं तर मोठ्या मशीनसारखाच दिसत होता.

साहेब आले. ओट्याभोवती फिरले. मशीन बसवलेलं आहे, असं लिहिलं. मग म्हणाले, "किती ताकदीचं?"

बबनभाऊजींना कधी खोटं बोलायची सवय नाही. चरकाकडं बघून ते म्हणाले, "दोन बैलांचा हाय, साहेब."

साहेबांनी जरा विचार केला आणि फॉर्मवर आकडा टाकला. दोन हॉर्सपॉवर.

कनेक्शन मंजूर झालं. बबनभाऊजींनी पेढे वाटले. मालक पुण्याहून आले, त्यांनी कागद वाचला, आणि हातातला पेढा परत पुड्यात ठेवला. लेथची मोटर पाच हॉर्सपॉवरची.

मालक लाईट ऑफिसात पळाले. लोड वाढवून पाहिजे म्हणाले. तोवर त्या साहेबांची बदली झाली होती. तिथल्या क्लार्कनं जुना कागद काढला, सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाला, "मग पाच पाहिजे व्हते तर तवाच आणखी तीन बैल दाखवायचे."

*

कनेक्शनचा कागद बघून महामंडळानं कंपनीला पैसे दिले आणि लेथ आला. बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, बबनभाऊजींनी त्यांच्या रीतीनं नारळ फोडला. बटण दाबलं. लेथनं घूं केलं आणि फ्यूज उडाला. पुन्हा बसवला, पुन्हा उडाला. दोन हॉर्सपॉवरच्या तारेवर तो फिरायलाच तयार होईना. लाईट ऑफिसचा माणूस येऊन सांगून गेला, पुन्हा चालू कराल तर तेवढंही कनेक्शन तोडू. तेल-इंजिनावर पट्टा टाकून चालवू म्हटलं, तर करारात लिहिलेलं, महामंडळाच्या लेखी परवानगीशिवाय मशीनला बदल करायचा नाही.

म्हणून लेथ नुसता उभा. मालक रोज संध्याकाळी त्याला तेल द्यायचे, पुसायचे. बाप आजारी पोराच्या अंगाला तेल लावतो तसे.

अशात महामंडळाचं एक पत्र आलं. शिरूरला उद्योजक मेळावा, आपण लाभार्थी म्हणून पहिल्या रांगेत बसावं. मी निघाले, सुजाताला नवीन झबलं घातलं. मंडप मोठा होता. मालकांच्या गळ्यात हार घातला. एक मोठे साहेब भाषणाला उठले. म्हणाले, देशात भांडवलाचा तुटवडा नाही, तुटवडा आहे तो धडपडणाऱ्या माणसांचा. मग मालकांकडं हात करून म्हणाले, हे बघा, रेल्वेतली नोकरी सोडून आलेले. टाळ्या झाल्या. फोटो काढला.

मालकांनी हात वर केला. त्यांना एवढंच विचारायचं होतं की लोड कधी वाढवून मिळणार. सूत्रसंचालन करणारा म्हणाला, प्रश्न शेवटी. मालक हार घालून हात मांडीवर ठेवून बसले. एकामागून एक भाषणं झाली. दर भाषण संपलं की त्यांचा हात वर यायचा, आणि तो माणूस लांबूनच मान हलवायचा, शेवटी.

शेवटी राष्ट्रगीत झालं. राष्ट्रगीतात हात वर करता येत नाही.

*

महामंडळाचा नियम, कर्जाच्या मशीनवर आणि शेडवर बोर्ड पाहिजे. "हे यंत्र महामंडळाकडे नजरगहाण आहे." नजरगहाण म्हणजे मशीन तुमच्याच घरात राहील, पण नजर त्यांची. दौंडहून पेंटर आणून रंगवून घ्यायचं, खर्च आमचा. अक्षरं किती मोठी ते पण त्यांनीच कळवलं. शेडवर आमच्या वर्कशॉपचं नाव बोटभर, आणि नजरगहाण तळहाताएवढं. तेही लाल.

हंगाम जवळ आला तसे लोक येऊन लेथ बघून जायचे. लोड आठ दिवसांत येईल असं ज्याला त्याला आम्ही सांगायचो. एक शेतकरी रोलर घेऊन आला, बैलगाडीतून उतरवून शेडात ठेवला. पहिलं गिऱ्हाईक! मी चहा टाकला. चहा घेताना त्यानं बोर्ड वाचला. कप ठेवला आणि म्हणाला, "दादा, राग मानू नगा. तुमच्यावर जप्ती आली तर माझा रोलर पण आत अडकंल." आणि तो रोलर चढवून परत गेला. बबनभाऊजींनीच त्याला चढवायला हात लावला.

मी त्याच संध्याकाळी शेडच्या बोर्डापुढं दोरी बांधली आणि सुजाताची सगळी दुपटी, झबली, गोधडी त्याच्यावर वाळत घातली. वाचू दे कुणाला वाचायचं ते. पुढं मी रोज तिथंच धुणं घालायला लागले.

एकदा महामंडळाचे पाहणीवाले साहेब आले. बोर्ड दिसेना म्हणून दुपटं बाजूला करून बघितलं. दुपटं ओलं होतं, आणि नुसत्या पाण्यानं नव्हे, कारण सुजातानं सकाळी खाली ओढून ते पुन्हा वापरलं होतं आणि मी ते तसंच परत दोरीवर टाकलं होतं. साहेब हात झटकत म्हणाले, "हा सरकारी बोर्ड आहे. असा झाकता येत नाही."

मी म्हटलं, "वाळलं की काढते, साहेब. लाईट असती तर इस्त्री करून घातलं असतं."

मालक आतून म्हणाले, "गप."

मी गप बसले नाही. बऱ्याच दिवसांनी एवढं बरं वाटलं होतं.

*

आता शेवटचा, आणि हा सांगताना नळावर कुणी मधे बोलत नाही.

कर्जात सुरुवातीला हप्त्याला सूट होती. लेथ बसेल, काम लागेल, मग हप्ता द्या, अशी ती सोय. ती सूट संपली आणि नोटीस आली. मालक पुण्याला जाऊन म्हणाले, साहेब, लेथ एक फेरा फिरलेला न्हाई. साहेब म्हणाले, सूट मंजुरीच्या तारखेपासून मोजतात, मशीन फिरल्यापासून नाही. दुसरी नोटीस गायकवाड गुरुजींच्या शाळेवर गेली. हेडमास्तरांनी ती सगळ्यांसमोर त्यांच्या हातात दिली. त्या दिवशी गुरुजींची बायको नळावर पहिल्यांदा माझ्याजवळ आली. भांडेल म्हणून मी घागर घट्ट धरली. ती एवढंच म्हणाली, "त्यांच्या पगाराला हात लावू देऊ नका गं." भांडली असती तर बरं झालं असतं.

मग जीप आली. वसुलीचे साहेब वयस्कर होते, आवाज चढवणारे नव्हते. लिलाव करावा लागेल, म्हणाले. मालकांना बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, बंद मशीन भंगाराच्या भावानं जातं. मग राहिलेलं सगळं जामीनदाराच्या अंगावर येईल. मशीन चालवून दाखवलं तर चांगली बोली येईल, गुरुजी सुटतील.

मालक म्हणाले, "चालवू कशावर?"

साहेबांनी विचारलं, का? मालकांनी लोडचं सांगितलं. साहेबांनी ते डायरीत लिहून घेतलं आणि जीप थेट लाईट ऑफिसला नेली. तिथं ते काय बोलले मला ठाऊक नाही. महामंडळाचं मशीन विकायचंय, एवढंच बोलले असतील.

सुजाताच्या अंगावर गोवर उठला होता, तो मावळायच्या आत वायरमन आले. नवीन तार, नवीन मीटर, पाच हॉर्सपॉवर. खांबावर माणूस चढला तेव्हा खाली शिडी मालकांनीच धरली होती. बबनभाऊजी रस्त्याकडं तोंड करून बसले होते. मी विचारलं, "भाऊजी, चहा?" त्यांनी मान हलवली, पण तोंड फिरवलं नाही.

लिलावाच्या दिवशी शेडात माणसं जमली. एक दौंडचा भंगारवाला, दोघं-तिघं पुण्याकडचे कारखानेवाले. महामंडळाचे साहेब फाईल घेऊन खुर्चीत. गुरुजी पण आले होते, लांब उभे होते. मालकांनी ट्रंकेतून रेल्वेची खाकी काढून घातली. बबनभाऊजींनी झिजलेला एक रोलर आणला होता, तो दोघांनी उचलून लेथवर चढवला. मी सुजाताला कडेवर घेऊन दारात उभी.

मालकांनी बटण दाबलं. मी डोळे मिटले, फ्यूजची सवय झाली होती ना. पण लेथ फिरला. इतका गुळगुळीत आवाज! मला वाटलं होतं मोठा असेल, घरात गिरणी चालावी तसा. तो तसा नव्हताच. सुजातानं कानावर हात ठेवले आणि मग हळूच काढले.

मालकांनी हत्यार टेकवलं. लोखंडाची निळसर कुरळी वेटोळी खाली पडायला लागली. पहिल्यांदा त्यांनी एक-दोनदा माणसांकडं बघितलं, मग माणसं विसरले. थांबवायचे, माप लावायचे, पुन्हा चालू करायचे. बबनभाऊजी न सांगता तेल सोडत होते. भंगारवाला घड्याळ बघत होता, तोही थांबला. अडीच वर्षं जे माणूस माझ्या घरात खाली मान घालून जेवत होतं, ते इथं ताठ उभं होतं, आणि मी त्याला ओळखत होते. माझं लग्न ह्याच माणसाशी झालं होतं.

रोलर चकाकायला लागला. मालकांनी लेथ बंद केला, फडक्याला हात पुसले आणि बाजूला झाले.

पुण्याकडचा एक कारखानेवाला पुढं आला. रोलरवरून हात फिरवला, नखानं तपासलं, पुन्हा हात फिरवला. मग वळून वसुलीच्या साहेबांना विचारलं, "मशीन घेतो. हा माणूस मशीनबरोबर येतो का?"

साहेबांनी खरंच फाईल उघडली. पानावर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत वाचलं, पान उलटलं, मागचंही वाचलं.

"नाही," ते म्हणाले. "यात तसं काही लिहिलेलं नाही."